गज टाकल्याचा आवाज

बाबा,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची माझी छाती झाली नसती. मेडिकलच्या हॉस्टेलवरून मी पत्रं आईला लिहायची आणि शेवटी ‘बाबांना साष्टांग नमस्कार’ एवढं टाकायची. त्या तीन शब्दांतही काही चुकलं नाही ना, ते दोनदा बघायची. आता तुमचा हात पोचत नाही. शिवाय मी एकोणपन्नास वर्षांची आहे आणि तुम्ही सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलात, म्हणजे वयाने मी तुमच्याहून थोरली झाले. तेव्हा गप्प बसून ऐकायची पाळी आज तुमची.

मी आयर्लंडमध्ये असते. नास गावात राहते, इथल्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात डॉक्टर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ठासणीच्या बंदुका उडवते. तुमच्या दुकानातल्या त्या जळक्या गंधकाच्या वासापासून पळत सुटले आणि अर्धं जग ओलांडून परत त्याच वासात येऊन पडले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर मेल्यावरही गेली नाही, माझ्यात आली. इथे हौशी लोकांचा एक क्लब आहे. जुन्या दगडाच्या खाणीत ते पंधरा दिवसांनी जमतात, काळी दारू मोजून नळीत ओततात, वर गोळी ठासतात, आणि बार काढून धुरात उभे राहून एकमेकांना शाबासकी देतात. बंदुका बहुतेक जुन्या घाटाच्या पण नव्याने घडवलेल्या, त्यांना परवाना लागतो. खरोखरीची जुनी असेल तर ती नुसती भिंतीवर टांगायची. परवान्यासाठी मी गार्डा स्टेशनात, म्हणजे इथल्या पोलिसांकडे गेले, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने विचारलं, ‘डॉक्टर, हा नाद तुम्हाला कुठून लागला?’ मी म्हटलं, वडिलांचा धंदा होता. ‘अजून करतात?’ मी म्हटलं, नाही, काम करताना गेले. ‘गॉड रेस्ट हिम,’ तो म्हणाला आणि कागद पुढे ओढला.

हा धंदा तुम्ही मला शिकवलात हे मी इथे कुणाला सांगत नाही. सावंतवाडीच्या वाटेवरचं आपलं दुकान, दारावर परवान्याचा नंबर लिहिलेली पाटी, आणि आजूबाजूच्या गावांतून दुरुस्तीला आलेल्या बंदुका, डुकरा-माकडांपासून शेत राखायला ठेवलेल्या. तुमचा नियम एकच. उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येक बंदुकीत आधी गज टाकायचा. लोखंडी गज नळीत सोडला आणि तळाशी ‘टण्’ वाजलं तर रिकामी. ‘धप्’ असा मऊ, मेलेला आवाज आला तर आत दारू आहे, काथ्या आहे, छर्रे आहेत. मग घोड्याला लाल चिंधी बांधायची आणि ती वेगळी ठेवायची. अकरा वर्षांची असताना मी एकदा धाकट्या मामावर गमतीने नळी रोखली होती. रिकामी होती, मीच गज टाकून पाहिला होता. तुम्ही असा हात मारलात की माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं आणि तुम्ही उजव्या कानाशी वाकून अगदी शांतपणे म्हणालात, ‘भरलेल्या बंदुकीक सगळी भियतत. माणूस मारता ती रिकामी.’ त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. पेशंट डावीकडून बोलला की मला मान वळवावी लागते. संताप याचा होतो की तुमचं म्हणणं बरोबर होतं.

आणि मेडिकलला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही मला केपची, म्हणजे घोडा आपटला की बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्यांची, पितळी डबी दिलीत, स्वतः घासून, झाकणावर माझं आद्याक्षर कोरून. पेढे नाहीत, शाबासकी नाही, नुसती डबी हातात ठेवलीत आणि कामाला लागलात. मुलीला डॉक्टर होण्याबद्दल बंदुकीच्या केपची डबी देणारा बाप जगात एकच असेल. ती अजून माझ्याकडे आहे. इथेही मी तिच्यात केपच ठेवते.

तुम्ही पिण्याच्या दारूला कधी शिवला नाहीत. पीत असता तर आम्हाला लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तुम्ही शुद्धीत मारायचात, मोजून मारायचात, चुकलेल्या माणसाला त्याची चूक समजावून सांगत मारायचात. तुम्ही गेलात त्या वर्षी मी दसऱ्याच्या सुट्टीला घरी आले होते. अष्टमीच्या दिवशी आईने पूजेसाठी तुमचं कामाचं टेबल पुसलं आणि एक बारीक स्प्रिंग दिसेनाशी झाली. तुम्ही ओरडला नाहीत. तिला हाक मारलीत, ‘हात ठेव’ म्हणालात, आणि तिने ठेवला. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त छळलं ते हेच, की तिने ठेवला. लोखंडी गजाचा एकच फटका. उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं. हाड मोडल्याचा आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा येतो, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्या वर्षाला होते. बांबूच्या कामट्या लावून मी ती बोटं बांधली, आणि मी बांधत असताना तुम्ही खाली बसून स्प्रिंग शोधत होतात. ती सापडली. पायपुसण्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आसपासच्या वाड्यांतली माणसं पूजेसाठी आपापल्या बंदुका आपल्याकडे आणून ठेवायची, ही आपल्या घरची रीत. दसऱ्याला सोनं वाटून झालं की परत न्यायची. सकाळपासून माणसं येतायत. मी दुकानाच्या दारात बसलेय, एकेक बंदूक घेते, गज टाकते, भिंतीला लावते. टण्, टण्, टण्. दहा झाल्या. अकरावी एका शेतकऱ्याची. त्याचं भात कापणीला आलंय, डुकरं शेतात उतरतायत, म्हणून तो ती भरूनच ठेवतो; घाईत आहे, बंदूक टेकवून निघूनही गेलाय. मी गज सोडते. धप्. घोडा खाली पाडलेला आहे आणि त्याच्याखाली तांब्याची केप चमकतेय. शेजारी ताटलीत लाल चिंध्या आहेत. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय, पण नेहमीसारखा नाही, आई डाव्या हाताने थापतेय, अडखळत. मी एक चिंधी उचलते. मग ती परत ताटलीत टाकते आणि ती बंदूक रिकाम्यांच्या रांगेत लावते.

पूजेला मांडण्याआधी तुम्ही प्रत्येक नळी फुंकायचात. दस्ता जमिनीवर टेकवायचा, अनवाणी पायाच्या अंगठ्याने घोडा मागे ओढून धरायचा, नळीच्या तोंडाला तोंड लावायचं आणि फुंकर मारायची. खाली केप बसते तिथून वारा सुटला की वाट साफ. जुनी पद्धत, तुमच्या बापाकडून आलेली. घोड्यांना त्या दिवशी तेलाचा हात फिरवलेला असतो. केप तुमच्याच पायाआड होती; अंगठा सटकला आणि घोडा तिच्यावर आदळला. पोलिसांना मी सांगितलं, मी मागच्या दारी विहिरीवर होते, ती अकरावी बंदूक माझ्या हाताखालून गेलीच नाही, आवाज ऐकून धावत आले. तुमच्या जबड्याच्या वर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. कौलांच्या आतल्या बाजूपर्यंत उडालं होतं, आणि पाटावर मांडलेली झेंडूची फुलं मांडली होती तशीच होती. पुढे अपघात विभागात मी काय काय पाहिलं, ट्रॅक्टरखाली सापडलेली माणसं पाहिली, पण कधी मळमळलं नाही. माझी मळमळ त्या एका सकाळी संपली.

पट्टीचे पोहणारेच बुडतात, असं पंचनाम्याला आलेला हवालदारही म्हणाला. गावाचं तर ठरूनच गेलं. ‘सगळ्यांका गज टाकूक सांगी होतो, आणि स्वतः इसारलो.’ तुमच्या नावावर हलगर्जीपणाचा शिक्का बसला, तुमच्या, ज्यांनी आयुष्यात एक खिळा वाकडा ठोकला नाही. आणि मला बरं वाटलं. तेराव्याच्या दिवशी ओसरीवर पुरुषाचं पाऊल वाजलं आणि आईचा खांदा वर उडाला नाही, ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून तुमच्यासाठी रडले. बाबा, दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं कुठलं जास्त खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई इकडे आली ती २०२०च्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली आणि ती अडकली. नवरा गॉलवेला कंपनीत, जिल्हा ओलांडायची बंदी, तेव्हा तो तिकडे आणि आम्ही मायलेकी इकडे. मी ड्यूटीवरून यायची, दारातच कपडे काढून आंघोळीला पळायची, आणि ती जिन्याखालून विचारायची, ‘आज किती गेली गो?’ ती दोन बोटं तिची वाकडीच राहिली, कामट्या बांधणारीला तेव्हा येत काय होतं. माझी परवान्याची बंदूक वरच्या खोलीत कुलपाच्या लोखंडी पेटीत असायची आणि आईसमोर मी ती कधी काढली नाही. ती बंदूकवाल्याची बायको, गजाचा आवाज तिला कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा, आणि तो आवाज तिच्या कानावर पडू द्यायचा नाही असं मी ठरवून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात बंधनं थोडी सैल झाली तेव्हा क्लबातला एक म्हातारा, गुरांचा निवृत्त डॉक्टर, त्याच्या बैठकीतल्या शेकोटीच्या वर भिंतीवर टांगलेली जुनी बंदूक मला देऊन गेला. कुठल्याशा फौजेची, लांब नळीची, तिचा लोखंडी गजसुद्धा जागेवर. त्याला घर विकून मुलीकडे जायचं होतं. ‘चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर होती,’ फाटकातूनच तो म्हणाला. ‘ग्रँड आहे ती. कुणाला काही करत नाही बिचारी.’ ठीक आहे म्हणायला इथे ग्रँड म्हणतात. मी तुमची मुलगी, उंबऱ्यातच गज टाकायला हवा होता. पण आई आत भाजी चिरत होती. मी ती तशीच आत नेली आणि बैठकीच्या खोलीत कोचाच्या वर टांगली. पुढचे तीन महिने आई तिच्याखाली बसून जपमाळ ओढत होती.

ऑक्टोबरात परत सगळं बंद झालं. त्याच आठवड्यात एक बाई आमच्याकडे आली, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली. ‘प्रेसच्या दारात सापडली,’ म्हणाली. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. मी संगणकावर एक्स-रे उघडला. कपाटाच्या दारात बोटं चेंगरतात, अशी एका रेषेत तुटत नाहीत. मी विचारायचं ते सगळं विचारलं. ‘मी ग्रँड आहे, डॉक्टर. तो बाहेर गाडीत थांबलाय, त्याला उशीर झालेला चालत नाही.’ मी समाजसेविकेला फोन करून वळते तोवर बाई निघून गेलेली. मी तशीच मास्क लावून पार्किंगमध्ये उतरले. गाडी सापडली असती तर त्या माणसाचं मी काय केलं असतं मला माहीत नाही, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. मला नेमकं माहीत होतं, आणि त्यासाठी कुठलीही बंदूक लागली नसती. घरी आले आणि ओट्यावरचं पातेलं उचलून भिंतीवर मारलं. डाळीसकट. आई दारात उभी होती. ‘बापाशीवर गेलंस,’ ती म्हणाली आणि फडकं घेऊन भिंत पुसायला लागली. तुमची थप्पड मला एवढी लागली नव्हती.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. आईने ओट्यावर लाल कापड अंथरलं, सुऱ्या मांडल्या, कात्री मांडली, माझा स्टेथोस्कोप मांडला, आणि हळदीकुंकवाची कोयरी उघडत म्हणाली, ‘ती भिंतीवरची काढ. तिची पण पूजा करूया.’

‘ती शोभेची आहे गं.’

‘आसूदे. काढ.’ मी काढून आणली. ओट्यावर ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘आधी गज टाक.’

‘रिकामी आहे, आई. चाळीस वर्षं नुसती टांगलेली होती.’

‘टाक म्हणतंय मा.’

मी नळी वर धरली, गज सोडला. लांब नळी, त्यामुळे खाली जायला त्याला वेळ लागला. धप्.

तिचं बोट कुंकवात होतं, ते तिथेच राहिलं. ‘भरलेली आसा,’ ती म्हणाली. घाबरून नाही, भात शिजलाय म्हणावं तसं. मग तिने कात्री उचलली, बाजूला ठेवलेल्या लाल खणाची एक पट्टी कापली आणि माझ्यापुढे धरली. ‘बांध.’ मी घोड्याला ती चिंधी बांधायला गेले आणि माझी गाठच बसेना. रोज माणसांना टाके घालते मी. तिसऱ्यांदा बसली.

आई शेगडीकडे बघत होती. ‘त्या दिसाक पण असोच आवाज इलो होतो,’ ती म्हणाली. ‘धा येळा टण् टण् वाजला. मगे ह्यो. मी भाकरी थापत होतंय.’

‘तू ऐकलंस?’

‘माझे दोनय कान बरे होते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘माका वाटला तू चिंधी बांधशीत. थोड्या येळान दारात येऊन बघलंय. नव्हती बांधलेली.’ तिने वाकड्या बोटांनी खणाचा उरलेला तुकडा घडी घातला. ‘तव्यार भाकरी होती. करपात म्हणान परत आत गेलंय.’

एवढंच. अठ्ठावीस वर्षं मी तिला विधवा केल्याचं ओझं घेऊन तिच्यापुढे वावरत होते, तिला विमानाची तिकिटं, स्वेटर, दाताची कवळी, काय काय देत होते. आणि ती घेताना प्रत्येक वेळी ‘कित्या गो एवढा’ म्हणायची, ते का, हे मला त्या ओट्यापाशी कळलं. मला तिचा प्रचंड राग आला. मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी उभी राहिले आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, कुंकवाचं बोट बाजूला धरून, म्हणजे माझा शर्ट खराब होऊ नये.

त्या म्हाताऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, ‘जीझस. नातवंडं तिच्याशी खेळायची.’ त्याच्या सांगण्यावरून मी नळीत पाणी भरलं, ती मागच्या शेडमध्ये दोन दिवस ठेवली, आणि गजाला पेच लावून आतला माल ओढून काढला. कागदाचा बोळा निघाला, कुठल्यातरी गुरांच्या बाजाराचं छापील, मग गोळी, मग काळा चिखल. परत गज टाकला. टण्. आईने खिडकीतून मान हलवली आणि बाहेर येऊन त्या ओल्या बंदुकीला दसरा उलटून गेल्यावर हळदकुंकू लावलं.

ती यंदा विमानं सुरू झाल्यावर परत गेली. फोनवर गावाकडचं सांगते. तिकडे अजून कुणी हलगर्जीपणा केला की तुमचा दाखला देतात म्हणे. पोरांनी तुम्हाला बघितलेलंही नाही, पण ‘त्या बंदूकवाल्यासारखो इसारशीत आणि मरशीत’ म्हणतात. मला ते ऐकवत नाही. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि ज्यांच्या हातात हे खरं म्हणजे द्यायला हवं त्या गावाला मी ते देणार नाही, तेवढी मी धीट नाही. केपच्या डबीखाली घडी घालून ठेवीन.

एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. मी विहिरीवर नव्हते. दारात होते. अकरावी बंदूक तुम्ही उचललीत, घोड्यावर पाय ठेवलात, आणि नळीला तोंड लावण्याआधी मान वर करून मला विचारलंत, ‘गज टाकलंस मा?’ तुम्ही विसरला नव्हतात, बाबा.

मी म्हटलं, ‘टाकलंय.’